वेंडेल टेश बुडाला, त्याची गोष्ट

"एक आठवडा! फक्त एक आठवडा दे मला. शिबिराला जाताना पोर म्हणून जाईल, परत येताना पुरुष होऊन येईल. लिहून ठेव!"

वेंडेल टेशने हे टेबलावर मूठ आपटून सांगितलं. मूठ आपटल्याबरोबर सुपाचा वाडगा उलटला आणि टोमॅटोचं सूप समोर बसलेल्या मेहुणीच्या, म्हणजे अर्लीनच्या, क्रीम रंगाच्या स्कर्टवर गेलं. त्यामुळे गर्जनेतला निम्मा दम तिथेच गेला.

"आधी तू पुरुष हो," अर्लीन रुमालाने मांडी पुसत म्हणाली. "चाळिशी उलटली, सूप धड वाढता येत नाही. आणि हे तर विकतचं, डब्यातलं आहे!"

खरं होतं ते. त्याची बायको जॉइस हिवाळ्यात गेली तेव्हा विस्कॉन्सिनच्या त्या उत्तर टोकाला जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा खणता येईना. दफन थेट एप्रिलमध्ये झालं. म्हणजे बायको दोनदा गेल्यासारखी झाली. एकदा बर्फात, एकदा चिखलात. शेजारणींनी महिनाभर नूडल्सची भांडी आणून दिली. नंतर भांडी आपापल्या घरी परत गेली आणि वेंडेल डब्यातल्या सुपावर आला. कागद कारखान्यात पाळीचा मुकादम असलेला हा माणूस शंभर टनांचं यंत्र चालवायचा, पण घरातलं कपडे धुण्याचं यंत्र काही त्याला वश होईना. बापलेकांचे बनियन आता फिकट गुलाबी झाले होते.

अर्लीन मिलवॉकीला राहायची. दंतवैद्य नवरा, पियानो, जेवायला वेगळी खोली. मूल नव्हतं. बहिणीच्या मुलाला तिला आपल्याकडे न्यायचं होतं, आणि तिचं म्हणणं खोटं कसं म्हणणार?

"कर्टिस बारा वर्षांचा आहे, वेंडेल. त्याला माणसांत राहू दे. तू दिवसपाळी, रात्रपाळी करणार, आणि पोर एकटं भिंतींकडे बघत बसणार. शाळा उघडायच्या आत ठरव."

वेंडेलने कर्टिसला विचारलं होतं. "मावशीकडे राहायला जाशील?" पोराने खांदे उडवले. "मला काय, कुठेही." बस. आई गेल्यापासून हा मुलगा रडला नव्हता, आणि दिवसाकाठी त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर पुष्कळ. ते 'कुठेही' मात्र वेंडेलच्या छातीत माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

म्हणून हे शिबिर. वेंडेलचा सिद्धांत असा की स्काउटचं उन्हाळी शिबिर म्हणजे पोरांना माणसात आणायचा रामबाण उपाय. मोकळी हवा, गाठी मारणं, शेकोटी, गार पाणी! "मला बघ! मी लहानपणी गेलो होतो म्हणून आज असा खंबीर आहे." लहानपणी शिबिराला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला गालगुंड झालं आणि घरी पाठवलं, हा तपशील त्याने कधी कुणाला सांगितला नाही.

पथकाचे स्काउटमास्तर रुस्ताद हे गावातले न्हावी. त्यांना नियमाप्रमाणे सोबत आणखी एक मोठा माणूस हवा होता. वेंडेलने ताबडतोब हात वर केला. "पोरांसाठी एवढं करायलाच हवं," तो म्हणाला. खरं कारण वेगळं होतं. त्या घरात आठवडाभर एकट्याने राहायची त्याला भीती वाटत होती.

शिबिराच्या पहिल्या दिवसापासून जी रिपरिप सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना. पाइनची झाडं टपटप गळत होती, तळ्यावर सतत धुकं, आणि सगळ्या सृष्टीला ओल्या मोज्यांचा वास. अशा हवेत पोरं पुरुष होत होती की नाही कोण जाणे, पण वेंडेलची मात्र दिवसेंदिवस अवस्था बिकट होत चालली.

पहिल्या रात्री त्याचा तंबू त्याच्या अंगावर बसला. दुसऱ्या दिवशी त्याने शेकोटी पेटवायला घेतली, धूर एवढा केला की पलीकडच्या पथकाची पोरं पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आली. रोज सकाळी तंबूंची तपासणी व्हायची आणि गुण कापले जायचे. पथकाचे जेवढे गुण गेले तेवढे सगळे एकट्या वेंडेलच्या तंबूमुळे.

"मिस्टर टेश," एक पोरगा शेवटी धीर करून म्हणाला, "राग मानू नका, पण तुम्ही ओले मोजे दोरीवर वाळत घालाल का? उशीवर नको."

कर्टिस याबद्दल काही बोलत नसे. पण एका पहाटे वेंडेलला जाग आली तेव्हा बाहेर कुणीतरी खुंट्यांशी खुडबुड करत होतं. फटीतून पाहिलं, तर कर्टिस वाकून बापाच्या तंबूच्या सुटलेल्या दोऱ्या नीट बांधत होता. गाठ कशी, तर पुस्तकातली! वेंडेलला अभिमान वाटला आणि लगेच त्याहून जास्त वाईट वाटलं. त्याने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

आता तळ्याची व्यवस्था सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथेच घडलं.

तळ्यावर मार्नी नावाच्या कॉलेजातल्या मुलीचं राज्य होतं. गळ्यात शिट्टी, हातात कर्णा, आणि आवाज असा की मासेसुद्धा रांगेत पोहत असतील. आल्याबरोबर प्रत्येकाची पोहण्याची परीक्षा. ज्याला उत्तम येतं त्याला निळा बिल्ला, जेमतेम येतं त्याला लाल, येतच नाही त्याला पांढरा. बिल्ल्यावर फक्त आडनाव आणि पथकाचा क्रमांक. पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, जोडीदार हवाच. उतरताना बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर पडताना काढून घ्यायचा. सगळे बाहेर आल्यावर फळ्यावर बिल्ला उरला, तर तळ्यात माणूस उरला, असा तिथला कायदा होता.

"परीक्षा कसली घेतेस, पोरी!" वेंडेल म्हणाला होता. "तरुणपणी मी नदी आरपार पोहायचो!" आणि धाडकन उडी मारली. दहाबारा हात मारले असतील नसतील, मार्नीने लांब काठी पुढे केली, वेंडेलने ती दोन्ही हातांनी पकडली, आणि तिने त्याला ओंडक्यासारखं ओढून काठावर घेतलं.

"पांढरा," मार्नी म्हणाली.

कर्टिसला निळा मिळाला होता. तो खोल पाण्यात, जीव वाचवण्याचे धडे घेणाऱ्या मुलांत. वेंडेल कमरेएवढ्या पाण्यात, बारक्या पोरांत. त्याचा जोडीदार ऑगी, पथकातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात बोलका.

"मिस्टर टेश, तुम्हाला खरंच येत नाही? माझ्या आजीलापण येतं!"

असा आठवडा सरत आला. शुक्रवारी संध्याकाळी पालकांना जेवायला बोलावलेलं असतं. अर्लीन येणार होती. शिबिराला निघण्यापूर्वीच तिने त्याला बजावलं होतं, "शुक्रवारी मी त्याला विचारणार आणि तो म्हणेल तसं. तू मधे पडायचं नाहीस." वेंडेलला सकाळपासून घास उतरत नव्हता. निदान ती येईल तेव्हा आपण स्वच्छ, इस्त्रीच्या गणवेशात, भांग पाडून उभं असावं, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून अंग धुवायला तो दुपारी ऑगीबरोबर पाण्यात उतरला.

आणि चड्डीचं इलॅस्टिक तुटलं!

ही चड्डी लग्नाच्या आधीची. इतकी वर्षं तिने पोट सांभाळलं, आणि नेमक्या त्या दिवशी तिने राम म्हटला. वेंडेल झटकन गळ्यापर्यंत पाण्यात बसला. मार्नीची शिट्टी वाजली. वेळ संपली, सगळे बाहेर!

"चला, मिस्टर टेश!" ऑगी म्हणाला.

"तू हो पुढे. मी आलोच."

"पण जोडीदाराला सोडायचं नसतं!"

"मी मोठा माणूस आहे! मला काय होतंय? पळ!"

ऑगी पळाला. वेंडेल दोन्ही हातांनी अब्रू सांभाळत, बदकासारखा बसल्या बसल्या सरकत लव्हाळ्यांत शिरला आणि मागच्या बाजूने झाडीत गेला. धुकं होतं म्हणून निभावलं. एरवी फळ्यापुढून, त्या मुलीच्या आणि तीस पोरांच्या देखत जायचं म्हणजे! बिल्ला? बिल्ल्याची आठवण कुणाला होतेय!

तंबूत येऊन त्याने अंग पुसलं, गणवेश चढवला, भांग पाडला. पुन्हा पाऊस लागला म्हणून वर घोट्यापर्यंतचा रेनकोट, डोक्यावर टोपडं, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. आरशात पाहिलं. झकास! तेवढ्यात तळ्याकडून भोंगा वाजू लागला.

एकसारखा, थांबेचना. त्याचा अर्थ सगळ्या शिबिराला ठाऊक होता. तळ्यात कुणीतरी राहिलंय!

वेंडेल आरसा टाकून तंबूबाहेर आला. पण खोटं कशाला बोला, त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटलं की आता अर्लीन येईल आणि बघेल, मेहुणा कुणाचा तरी जीव वाचवतोय! तो धावत सुटला.

काठावर हलकल्लोळ होता. जीवरक्षक पोरं खोल पाण्यात बुड्या मारत होती. मोठ्या माणसांची उथळ पाण्यात रांग लागली होती. हातात हात अडकवून, पायांनी तळ चाचपत पुढे सरकायचं. मार्नी कर्ण्यातून ओरडली, "तो रेनकोटवाला! रांगेत लागा!" वेंडेल बुटांसकट पाण्यात शिरला आणि एका दाढीवाल्याच्या कोपरात कोपर अडकवलं.

"कुणी बेशिस्त कार्टं असणार," वेंडेल पायांनी चिखल ढवळत म्हणाला. "आईबाप घरी वळण लावत नाहीत, आणि इथे असं होतं."

"खरंय," दाढीवाला म्हणाला.

"बापाला धरून विचारलं पाहिजे!"

"हो ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा स्वतःच वळसा घालत होता!

"नाव काय म्हणे त्याचं?" वेंडेलने विचारलं.

"टेश. फळ्यावर टेशचा बिल्ला राहिलाय."

वेंडेलच्या पायाखालचा चिखल सरकला. टेश! शिबिरात टेश कोण? कर्टिस टेश! आपण स्वतःही टेश आहोत, ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या डोक्यात आली नाही. बापाच्या डोक्यात ती येतही नाही. त्याला एवढंच दिसलं की ते काळं पाणी, ते धुकं, आणि त्यात कुठेतरी खाली आपला पोरगा. एप्रिलमधला तो चिखल त्याच्या डोळ्यांपुढे आला. पुन्हा एकदा नाही! देवा, हवं तर अर्लीनकडे पाठवतो. पियानो शिकू दे, मला विसरू दे, मिलवॉकीत का होईना, जिवंत राहू दे!

"कर्टिस!" तो किंचाळला आणि रांग तोडून निघाला.

"अहो! रांग सोडू नका!" दाढीवाला ओरडला.

"माझा पोरगा आहे तो! कर्टिस!"

तिकडे काय झालं होतं ते वेंडेलला मागाहून कळलं. रुस्ताद मास्तर पोरांची मोजदाद करत होते. ऑगी हुंदके देत सांगत होता, "मी त्यांना सोडून आलो! ते म्हणाले पळ, म्हणून मी पळालो!" कर्टिसने विचारलं, "कुणाला सोडून?" ऑगीने सांगितलं. पुढच्या क्षणी कर्टिस तिथे नव्हता. तो तळ्याच्या धक्क्यावर पोचला तेव्हा धुक्यातून, पाण्याच्या मधोमध, बाप आपल्याला हाक मारतोय असं त्याला ऐकू आलं.

"बाबा!"

वेंडेलने ती हाक ऐकली. पोर बुडताना आपल्याला बोलावतंय! तो आवाजाच्या दिशेने झेपावला. तळ्याचा उथळ भाग कुठे संपतो ते पांढऱ्या बिल्लेवाल्याला आठवडाभर रोज बजावलं होतं. त्या जागी पाऊल पडलं, आणि खाली काहीच नव्हतं. बुटांत पाणी भरलं, रेनकोट वर फुगला, आणि आतापर्यंत जो बुडालाच नव्हता तो वेंडेल टेश आता खरोखर बुडाला.

गार. काळं. नाकातोंडात पाणी. मग हनुवटीखाली एक हात आला. लहानसा, पण पकड पक्की.

"हलू नकोस! पाय झाडू नकोस! मी धरलंय तुला!"

"कर्टिस!" वेंडेल पाणी ओकत म्हणाला. "सापडलास तू!"

"मी कुठे हरवलो होतो? तू हरवला होतास!"

"मी? मी तर तुला शोधत होतो!"

"बोलू नकोस, बाबा! पाणी जाईल!"

शिकवल्याप्रमाणे, बापाची हनुवटी वर धरून, एका हाताने पाणी कापत कर्टिस त्याला ओढत राहिला. वेंडेल डोळे मिटून, उताणा, निमूट. बराच वेळ गेला.

"बाबा, आता पाय टेक. गुडघाभर पाणी आहे."

काठावर मार्नी पळत आली. "कोण सापडलं?"

"टेश!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"आणि ज्याने ओढला तो?"

"तो पण टेश!"

"मग तो रेनकोटवाला कुठे गेला? रांगेतून एक माणूस गायब आहे!"

दाढीवाल्याने घसा साफ केला. "मॅडम, तो रेनकोटवालाच हा. स्वतःला शोधायला आला होता."

तीस पोरं, डझनभर मोठी माणसं, कुणी हसावं की रडावं कळेना. वेंडेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपड्यातून पाणी गळत होतं, पाडलेला भांग कपाळावर चिकटला होता. "मला काही झालं नाही रे," तो कर्टिसला म्हणाला. "चड्डीचं इलॅस्टिक—"

पुढे त्याला बोलता आलं नाही, कारण कर्टिसने त्याच्या पोटात गुद्दा मारला. मग दुसरा. मग तिसरा.

"तूपण! तूपण गेलास असं वाटलं मला! आई पण अशीच गेली, मला शाळेतून आल्यावर सांगितलं! तू कुठे जातोस ते सांगत का नाहीस? सांगत का नाही कुणी मला!"

आणि तो रडू लागला. बर्फात न रडलेलं, चिखलात न रडलेलं, सगळं एकदम. तोंड वेडंवाकडं करून, नाक गळत, भर काठावर, सगळ्या पथकादेखत. वेंडेलने त्याला रेनकोटात ओढून घेतलं. मग तोही रडला. मुकादम असूनही रडला. रुस्ताद मास्तरांनी पोरांना तोंडं फिरवायला सांगितलं, आणि स्वतः मात्र बघत राहिले.

नेमक्या याच वेळी हातात केकचा खोका आणि पायात पांढरे बूट अशी अर्लीन उतारावरून खाली आली.

"काय झालं? कोण बुडालं?"

ऑगी तिथे होताच. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. चड्डीपासून. अर्लीनने वेंडेलकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. हा माणूस माझ्या बहिणीचं मूल वाढवणार! याला स्वतःला सांभाळता येत नाही, हा स्वतःच्याच शोधपथकात सामील होतो! वेंडेलने मान खाली घातली.

रात्रीच्या जेवणाला भोजनगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथली रीत अशी, की जो फळ्यावर बिल्ला विसरला त्याने बाकावर उभं राहून सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. मोठा असो, लहान असो. पोरांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. "टेश! टेश! टेश!" वेंडेल बाकावर चढला. त्याला अख्खं पाठ असलेलं गाणं एकच, कारखान्याच्या बोलिंग संघाचं. त्याला तीन कडवी होती आणि तिन्ही सारखीच होती. आवाज फुटलेल्या भोंग्यासारखा. पोरं लोळायची बाकी राहिली. कर्टिस हातांत तोंड लपवून बसला होता, त्याचे कान लालबुंद झाले होते.

गाणं संपवून वेंडेल खाली उतरला आणि कर्टिस आणि अर्लीनच्या समोर येऊन बसला. पुडिंग आलं. अर्लीनने चमचा खाली ठेवला. आता ती विचारणार हे त्याला कळलं. तळ्यात दिलेला शब्द त्याच्या ध्यानात होता. काहीही म्हणू दे, जाऊ दे त्याला. पोर जिवंत आहे, आणखी काय हवं?

"कर्टिस, बाळा," अर्लीन मऊ आवाजात म्हणाली, "आज जे झालं ते तू पाहिलंस. तुझ्यासाठी खोली तयार आहे. खिडकीतून बाग दिसते. येशील ना?"

कर्टिसने पुडिंगचा घास गिळला. एकदा मावशीकडे पाहिलं. मग बापाकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या ओल्या केसांकडे, चुकीच्या काजात लावलेल्या बटणांकडे, बाहीला लागलेल्या लव्हाळ्याकडे. घरातलं कर्तं माणूस शेंडेफळाकडे बघतं, तसं.

"मला यायला आवडलं असतं, मावशी," तो म्हणाला. "पण याला एकट्याला ठेवून कसं चालेल? तूच बघितलंस ना!"

वेंडेलने निषेध करायला तोंड उघडलं. मग विचार केला, आणि त्यात पुडिंगचा चमचा घातला.